हिरव्या टेबलाचा सौदा

मी माणसं विसरत नाही. कुणी चार चांगले शब्द बोललं तर ते कदाचित विसरेन, पण टोचून बोललेलं वाक्य माझ्याजवळ शब्दांच्या क्रमासकट राहतं. त्या बाईंचं वाक्य असं होतं : "व्यवसाय करणाऱ्या आयांना वेळ नसतो, मग त्या वेळेऐवजी मुलांना खाऊ देतात." इंग्रजीत म्हणाल्या, हसून म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या. हॉल पालकांनी भरलेला होता. व्यवसाय करणारी आई त्यात मी एकटी नसेन, पण गोदामातून थेट आल्यामुळे ओढणीवर धूळ असलेली मी एकटीच होते.

माझी मुलगी पेरुंगुडीजवळच्या शाळेत पाचवीत होती. त्या शाळेत घरचा डबा चालत नाही. सगळ्या मुलांना दुपारचं जेवण शाळेच्याच स्वयंपाकघरातून मिळतं आणि महिन्याचा छापील मेन्यू पालकांच्या फोनवर येतो. मेन्यूत वरईचा पुलाव, मोड आलेली उसळ, ताक असं काय काय असायचं. मी तो वाचून खूश व्हायचे. डबा भरायची कटकट नाही, आणि पोटात चांगलंचुंगलं जातंय. ते वाक्य बोलणाऱ्या बाई म्हणजे शाळेच्या आरोग्याच्या मॅडम, त्या वर्षी नव्याने नेमलेल्या. त्यांनी सगळ्या मुलांची वजनं-उंच्या घेतल्या, प्रत्येकाचं एक कार्ड केलं आणि ती कार्डं पालकसभेत वाटली. माझ्या मुलीच्या कार्डावर लाल ठिपका होता.

लाल ठिपक्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मुलगी जाड झालेली मला दिसत होती. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून चपलेचा बंद नीट करायचं ढोंग करायची, तेही दिसत होतं. माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. मॅडमनी जाहीर केलं की लाल ठिपक्याच्या मुलांसाठी जेवणाच्या हॉलमध्ये वेगळं टेबल असेल. अर्धा भात, काकडी जास्त, गोड बंद. "शाळा तिचं काम करते आहे," त्या म्हणाल्या. "आता घरांनी आपलं करावं." आणि मग ते वाक्य.

मी उठणारच होते. नवऱ्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

---

ते टेबल हिरवं होतं. मला कसं माहीत? मीच विकलं होतं.

माझा धंदा जुन्या ऑफिस-फर्निचरचा आहे. इचलकरंजीहून इथे तमिळ मुलखात आले ती एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत खरेदी विभागात कारकून म्हणून. कंपनीने दोन वर्षांत तो विभागच बंद केला. निघताना त्यांनी बारा फिरत्या खुर्च्या फेकायला काढल्या होत्या, त्या मी मागून घेतल्या, चाकं बदलली, आणि वेलचेरीच्या एका क्लासवाल्याला विकल्या. तिथून सुरुवात. आज सिरुसेरीपासून इकडे एखादी कंपनी मजला रिकामा करते तेव्हा पहिला फोन मला येतो. आणि कुणी मला फसवलं असेल, तर त्याला दुसरा फोन माझा जातो.

शाळेला दोन वर्षांपूर्वी मी जेवणाच्या हॉलची सगळी टेबलं दिली होती. एका बंद पडलेल्या कॅन्टीनमधली, एकाच मापाची, फिक्या लाकडी रंगाची. एक कमी पडलं म्हणून वरून एक गोल, हिरव्या पत्र्याचं दिलं. त्यावर कॉफी मशीनचा गोल डाग होता. दहाच्या ओळीत ते वेगळं दिसायचं म्हणून शाळेने ते कोपऱ्यात ठेवलं होतं. मॅडमना नेमकं तेच सापडलं.

सभेनंतर आठवडाभराने मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच सोफ्यावर बसून राहिली.

"आई, ते टेबल तुझं आहे ना? डागवालं?"

"हो. का?"

"आम्ही तिथं बसतो. आठवीतली मुलं येताजाता विचारतात, आज व्हीआयपी लोकांना काय आहे?"

"कोण विचारतो? वर्ग सांग त्याचा."

"बघ, लगेच." ती माझ्यासारखीच हट्टी आहे, पण आवाज बापाचा, हळू. "तू शाळेत येऊन ओरडलीस ना, तर ते आणखी हसतील. तू ओरडायचं नाही. पण मला तिथं बसायचं नाही."

"नाही बसायचं."

"शप्पथ घे. ओरडणार नाहीस."

मी शपथ घेतली. आयुष्यात इतका वाईट सौदा मी केला नव्हता. माझ्याकडचं सगळ्यात मोठं हत्यार मी पहिल्याच बोलीत देऊन टाकलं होतं.

ती त्या टेबलावर जेवतच नव्हती, हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. पान पुढे सरकवून बसायची. वजन मात्र कमी होत नव्हतं. दुसऱ्या कार्डावर ठिपका तसाच लाल आला आणि खाली मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं : "शाळेत मुलगी जवळजवळ काहीच खात नाही. कृपया घरच्या आहाराकडे लक्ष द्यावे." मुलगी उपाशी बसते हे ती बाई बघत होती, आणि ते तिने माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहिलं होतं. ते कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे. फ्रीजवर नाही, गल्ल्यातल्या पेटीत, जिथे मी फसवणाऱ्यांचे कागद ठेवते.

---

धंद्यात मी एक गोष्ट शिकले. एखादं ऑफिस विकत घ्यायचं असेल तर त्यांनी दिलेली यादी वाचायची नाही, आधी त्यांचा कचरा बघायचा. यादीत लिहिलेलं असतं 'उत्तम स्थितीतल्या खुर्च्या' आणि मागच्या बाजूला मोडक्या हातांचा ढीग असतो. मेन्यू म्हणजे यादी. मला शाळेचा कचरा बघायचा होता.

पल्लिकरणैच्या रस्त्याला एक भंगारवाला आहे. जुने पेपर, डबे, बाटल्या घेतो. माझा त्याचा दहा वर्षांचा व्यवहार, मोडकं लोखंड त्यालाच जातं. वयाने माझ्याहून मोठा, तरी मला अक्का म्हणतो, आणि मी त्याला अण्णा. शाळेच्या स्वयंपाकघरातलं भंगार दर शनिवारी तोच उचलतो. त्याची एक पद्धत आहे : प्रत्येक ठिकाणचं पोतं वेगळं ठेवायचं आणि तोंडाला वेगळ्या रंगाची सुतळी बांधायची. कुणी नंतर वजनावरून भांडलं तर पोतं समोर ओतून दाखवता येतं. त्याच्याशी वजनावरून सगळ्यात जास्त मीच भांडलेली आहे, तेव्हा ही पद्धत माझ्यामुळेच पडली असं तो सगळ्यांना सांगतो.

"शाळेचं पोतं कुठलं?" मी विचारलं.

"निळी सुतळी. काय अक्का, आता शाळेचे डबेही विकत घेणार?"

"ओत."

त्याने ओतलं. आधी पाम तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे घरंगळले, एकामागून एक. मग मेयोनीजच्या बादल्या. मग गुलाबी सरबताच्या बाटल्या, मोठ्या, हॉटेलात असतात तशा. कस्टर्डच्या पुड्यांचे खोके. मैद्याच्या रिकाम्या गोण्या. वरईची एकही गोणी नाही. मोड आणायच्या कडधान्याची एक, अर्धी भरलेली, किडलेली, म्हणून टाकून दिलेली.

"हे किती दिवसांचं?"

"एका आठवड्याचं."

मेन्यूतलं ताक म्हणजे गुलाबी सरबत घातलेलं दूध होतं, हे मला मुलीने कधीच सांगितलं होतं. 'ताक पिंक असतं' म्हणाली होती. मला वाटलं बीट घालत असतील. माणूस छापील कागदावर किती विश्वास ठेवतो.

खरं सांगते, मला त्या वेळी आनंद झाला. राग नाही, आनंद. एखाद्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचा खोटेपणा हातात सापडल्यावर होतो तसा. मी एकेक डबा उभा केला, फोटो काढले आणि मोठ्याने म्हणाले, "आता बघते त्या बाईकडे. कुठल्या घरात इतकं तेल-साखर जातं?"

अण्णा हसला. त्याचं हसणं तोंड न उघडता असतं, खांदे हलतात फक्त. "अक्का, रागावू नका. लाल सुतळीचं पोतं बघा एकदा."

"ते कुणाचं?"

"तुमच्या बिल्डिंगचं. वरची पिशवी तुमच्या घरची. पाट्टी स्वतः खाली आणून देतात, नीट धुऊन."

पाट्टी म्हणजे आजी. माझ्या सासूबाई.

पिशवी लहान होती पण भरलेली होती. कंडेन्स्ड मिल्कचे डबे, लेबलं काढून, धुऊन, एकात एक बसवलेले. चॉकलेटी पावडरच्या बरण्या. तुपाच्या बाटल्या, त्यातल्या दोन माझ्या ब्रँडच्या नव्हत्या. आणि बेकरीचे पांढरे खोके, पफचे, क्रीम बनचे, ते माझ्या नवऱ्याच्या सवयीप्रमाणे चौकोनी घडी घालून. एका खोक्यात माझ्या हातचा चांदीचा कागद होता, ज्यात मी मुलीला तूप-साखर लावलेली पोळी गुंडाळून देते. शाळा सुटल्यावर, फाटकावर, तिला बिल्डिंगखाली सोडून गोदामात परत जायच्या आधी. रोज. कारण ती काही खात नाही म्हणून.

मी एका उलट्या तेलाच्या डब्यावर बसले. अण्णाने न विचारता चहा मागवला. मी त्याला म्हटलं, "साखर घालू नको म्हणावं." तो पुन्हा खांदे हलवून हसला. त्या हसण्याबद्दलही मी त्याला माफ केलेलं नाही. पुढच्या महिन्यात लोखंडाच्या भावात ते वसूल केलं.

---

आता आमच्या घरचा जुना तह सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझ्या सासरचे लोक तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ देशात राहिलेले, मराठी बोलतात पण जुनी, सूर तमिळचा. सासूबाईंच्या घरात दुपारी चारला टिफिन म्हणजे टिफिन : उपमा, वडे, इडली, कधी बोंडा, सोबत कॉफी. मग रात्री नऊला थोडा ताकभात आणि संपलं. माझ्या माहेरी संध्याकाळी काही नाही, पण साडेआठला पूर्ण जेवण : पोळी, भाजी, वरण-भात. लग्न झालं तेव्हा पहिल्याच महिन्यात ह्यावरून भांडण पेटलं. "चारला खाल्लं की रात्री भूक कुठे?" मी म्हणायची. "संध्याकाळीं उपाशी बसायचें काय गे, दिवा लागायच्या वेळीं?" त्या म्हणायच्या. मी सौदा सोडत नाही, त्याही सोडत नाहीत. शेवटी ठरलं : चारचा टिफिन त्यांचा, रात्रीचं जेवण माझं. दोन्ही होणार. कुणी माघार घेतली नाही, म्हणून दोघी जिंकलो असं आम्ही दोघींनीही वर्षानुवर्षं मानलं.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा पावणेपाच वाजले होते. मुलगी आतल्या खोलीत गृहपाठ करत होती. सासूबाई स्वयंपाकघरात कढई पुसत होत्या. नवरा नुकताच बँकेतून आलेला, हातात पांढरा खोका.

मी ओट्यावर डबे मांडले. एक, दोन, तीन, चार. लेबलाशिवाय.

"आई, हे काय?"

"डबे गे. भंगारात दिले होते. परत कां आणिलेस?"

"ह्यातलं दूध कुठे गेलं?"

"पायसमांत. पाप्पा, आपली पोर, शाळेंत जेवीत नाहीं, तोंड इतकेंसें होतें. टिफिनाबरोबर वाटीभर देतें. उपाशी मारूं काय पोरीला?"

"मी तिला फाटकावरच पोळी देते! तूप-साखरेची!"

सासूबाईंनी कढई खाली ठेवली. "पोळी देतेस? आणि मग रात्रीं पुन्हा जेवण घालितेस?"

"तुम्ही चारला वडे घालून वर पायसम देता, आणि मला विचारता?"

मग आम्ही दोघी एकदम नवऱ्याकडे वळलो. त्याने खोका पाठीमागे नेला.

"मला काय माहीत," तो म्हणाला. मराठी बोलताना तो आधी तमिळमध्ये विचार करतो, म्हणून थोडं थांबून बोलतो. "ती म्हणाली शाळेत काही खाल्लं नाही. मला वाटलं घरीही काही मिळालं नसेल. तुम्ही दोघी बिझी."

"बिझी!" सासूबाई म्हणाल्या. "मी बिझी! अय्यो, माझ्या पोटीं हा कुठून आला?"

तेवढ्यात मुलगी दारात आली. हातात पेन्सिल. आम्ही तिघंही डब्यांपुढे आडवे उभे राहिलो, जणू आम्हीच चोरी करताना सापडलो होतो. तशी ती गोष्ट खरीच होती.

"कण्णा," मी तिला लाडाने म्हटलं, "तू मला का नाही सांगितलंस, आजी टिफिनवर पायसम देते म्हणून?"

"सांगितलं असतं तर तू आजीशी भांडली असतीस."

"आणि आजीला का नाही सांगितलंस, की आई पोळी देते?"

"मग आजी तुझ्याशी भांडली असती." ती पेन्सिलीचं टोक बघत होती. "म्हणून मी सगळ्यांचं खाल्लं."

सासूबाई खाली बसल्या, स्वयंपाकघराच्या फरशीवर, साडीने तोंड झाकून. मी उभी राहिले. मला बसता आलं नाही. दहा वर्षांच्या पोरीने आमचा तह पोटात सांभाळला होता. त्या मॅडमचं वाक्य मला परत आठवलं, आणि ते निम्मं खरं निघालं होतं. खोटं बोलणाऱ्याला मी एकवेळ सोडेन. जो निम्मं खरं बोलतो आणि उरलेलं निम्मं लपवतो, त्याला नाही.

त्या रात्री पोळ्या झाल्या नाहीत. ताकभात झाला. मी पहिल्यांदा माघार घेतली. सासूबाई ताटावर एवढंच म्हणाल्या, "तूं हरलीस असें कुणाला सांगणार नाहीं मी." त्यांच्या चेहऱ्यावर मात्र ते सांगून झालेलं होतं.

---

शाळेत गेले ती पुढच्या पालकसभेच्या दिवशी, सभेच्या अर्धा तास आधी. अण्णाची पोती टेम्पोतून आणली होती. निळी सुतळी आणि लाल सुतळी. मुख्याध्यापकांच्या खोलीत मॅडमही होत्या. त्यांच्यापुढे त्यांचा डबा उघडा होता, स्टीलचा, तीन पुडांचा : एकात मोड आलेले मूग, एकात कापलेली पपई, एकात नाचणीचं काहीतरी. घरून आणलेला. मुलांना न चालणारा घरचा डबा.

"हे काय आहे?" मुख्याध्यापक पोत्यांकडे बघत म्हणाले. वयस्कर गृहस्थ, सभ्य, भांडण टाळणारे. माझ्या आवडीचं गिऱ्हाईक.

"भंगार, सर," मी म्हटलं. शपथ होती, म्हणून मी इतक्या हळू बोलत होते की त्यांना खुर्चीवरून पुढे वाकावं लागलं. "आधी माझ्या घरचं दाखवते."

लाल सुतळी सोडली. कंडेन्स्ड मिल्क, चॉकलेट पावडर, तूप, बेकरीचे खोके, चांदीचा कागद. एकेक बाहेर काढून त्यांच्या गालिच्यावर ठेवलं. "मॅडम म्हणाल्या ते बरोबर होतं. घरी आम्ही चुकत होतो. माझी सासू, माझा नवरा आणि मी. तिघंही."

मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "मला आनंद आहे की तुम्ही हे मान्य करता," त्या म्हणाल्या. "अशी प्रामाणिक आई—"

"आता तुमचं."

निळी सुतळी सोडली आणि पोतं उलटं केलं. पत्र्याच्या डब्यांचा आवाज गालिच्यावरही मोठा होतो. एक डबा घरंगळत मॅडमच्या खुर्चीपाशी गेला. बाहेर पॅसेजमध्ये पालक जमायला लागले होते. काचेच्या दारातून दोघं-तिघं डोकावले.

"दार लावून घ्या," मुख्याध्यापक म्हणाले.

"लावते. पण सभा साडेदहाला आहे, सर, आणि पोती मी तिकडेही नेऊ शकते. मेन्यूचा कागदही आहे माझ्याकडे. वरईचा पुलाव आणि ताक."

मॅडम म्हणाल्या, "हे कॅटररचं आहे. मी फक्त मुलांचं आरोग्य बघते."

"तेच मीही घरी म्हणत होते," मी म्हटलं. "मी फक्त रात्रीचं बघते."

मग सौदा सुरू झाला, आणि ते माझं मैदान आहे. मुख्याध्यापकांनी आधी चौकशी समिती देऊ केली. मी नको म्हटलं. मग मेन्यू 'हळूहळू' सुधारू म्हणाले. मी पोत्याची सुतळी हातात घेतली. मग तेल, साखर, मैदा यांचं पुढच्या सोमवारपासून बघू म्हणाले, आणि वेगळ्या टेबलाचं नाव बदलू. 'फिटनेस टेबल' म्हणे.

"नाव नको, सर. ते टेबल माझं आहे, मी विकलंय. परत घेऊ शकते. पण नाही घेत." मी मॅडमकडे बघितलं. "टेबल राहू द्या, मुलं उठवा. त्यावर मॅडम बसतील. रोज. मुलांना जे वाढलं जातं ते, तेवढंच, सगळ्यांसमोर. तो डबा घरी राहील."

"हे हास्यास्पद आहे," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या मुलीलाही तसंच वाटायचं."

मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. दहा वीस. काचेबाहेर गर्दी वाढली होती. त्यांनी मॅडमकडे बघितलं, आणि मला कळलं की सौदा झाला. विकणाऱ्याने आपल्या माणसाकडे बघितलं की सौदा झालेला असतो.

मी भंगार परत पोत्यात भरलं. गालिच्यावर तेलाचा एक डाग राहिला. तो पुसायला मी थांबले नाही.

---

मेन्यू कसा बदलला ते मला सविस्तर सांगता येईल, कारण अण्णा दर शनिवारी निळ्या सुतळीचं पोतं मला दाखवतो. पहिल्या आठवड्यात तेलाचे डबे तेवढेच होते. दुसऱ्या आठवड्यात दोन कमी. तिसऱ्या आठवड्यात मेयोनीजच्या बादल्या नाहीशा झाल्या आणि नाचणीच्या गोण्या आल्या. कॅटररला मॅडमनी स्वतः झाडलं म्हणे, जेवणाच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. आपल्या पोटात गेलं की माणसाला जाग लवकर येते.

एकदा फाटकावर मॅडम भेटल्या. गाल थोडे बसले होते. "ते गुलाबी दूध," त्या म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यात मला रोज ॲसिडिटी झाली."

"माझ्या मुलीने ते सगळं तीन वर्षं प्यायलंय," मी म्हटलं आणि स्कूटर सुरू केली. ते वाक्य मी आठवडाभर तयार ठेवलं होतं. बोलून झाल्यावर इतकं बरं वाटलं की वेलचेरीच्या सिग्नलला मी एका शेअर ऑटोवाल्याला रस्ता दिला.

घरी आता चारचा टिफिन असतो, सासूबाईंचा, आणि रात्री ताकभात. पोळी रविवारी. बेकरीचा खोका नवऱ्याच्या हातात दिसला तर सासूबाई आणि मी एकदम बघतो, आणि तो तो खोका शेजारच्यांना देऊन येतो. मुलगी आता तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढते. वजनाचं कार्ड अजून येतं, मी ते वाचत नाही. चपलेचा बंद नीट करायला ती थांबत नाही, एवढं मला पुरे.

मागच्या शुक्रवारी जेवणानंतर लगेच शाळा सुटणार होती, मी तिला आणायला जरा लवकर गेले. जेवणाच्या हॉलच्या खिडकीतून बघितलं. हिरव्या टेबलावर मॅडम एकट्या बसल्या होत्या. डाग त्यांच्या ताटाच्या बाजूला दिसत होता. आठवीतली दोन मुलं जवळून जाताना काहीतरी बोलली आणि हसली. मला वाटलं, आता खऱ्या अर्थाने वसूल झालं. तेवढ्यात माझी मुलगी आपलं ताट घेऊन उठली, मैत्रिणींच्या टेबलावरून, आणि तिथे जाऊन बसली. मॅडमच्या समोरच्या खुर्चीवर.

फाटकाबाहेर मी विचारलं, "तिथे का गेलीस?"

"त्या एकट्याच होत्या."

"असू देत. बसू देत एकट्यांना."

"आई," ती म्हणाली, "मला माहीत आहे तिथं कसं वाटतं." आणि स्कूटरवर मागे बसून तिने माझ्या कमरेला हात घातला, म्हणजे विषय संपला.

मी स्कूटर सिग्नलपर्यंत नेली. मी त्या बाईंना माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण पुढे मुलगी पुन्हा तिथे बसली तर तिला उठवायची नाही, एवढं मी स्वतःशी कबूल केलं. तीही मोठी घासाघीस होती.

सिग्नल हिरवा झाल्यावर मी विचारलं, "सगळं खाल्लं का त्यांनी?"

"काकडी ठेवली."

"सोमवारी सांग," मी म्हटलं. "काकडी संपवायची म्हणावं. ताटात काही टाकायचं नाही."